जवसाची बरणी

सून: हे जवस नाही, बाबा.

सासरे: काय म्हणालीस?

सून: ही बरणी. वर माझ्या अक्षरात 'जवस पूड' लिहिलंय. आत हे पांढरं, घट्ट काहीतरी आहे. बोटावर घेतलं तर वितळलं. पूड अशी वितळत नाही.

सासरे: हॉस्पिटलातून दमून आलीस, आधी घोटभर पाणी तरी पी.

सून: पाणी नको. मागच्या आठवड्यात तुम्ही मला सांगितलंत की बटाट्यांना चव जवसामुळे येते. कोरड्या तव्यावर परतायचे आणि वरून दोन चिमूट जवस. मी ते तसंच लिहून घेतलं. आज ग्रॅममध्ये माप काढावं म्हणून बरणी उघडली. हे काय आहे?

सासरे: चरबी.

सून: कसली?

सासरे: बेकनची.

सून: म्हणजे डुकराची.

सासरे: बेकन आणखी कशाचं असतं ते मला ठाऊक नाही. चौतीस वर्षं वसतिगृहात स्वयंपाकी होतो, तिथे तरी त्याचंच असायचं.

सून: तुम्ही इथे राहायला आलात तेव्हा आपलं काय ठरलं होतं? स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात, पण अट एकच.

सासरे: तेलाचा थेंब वापरायचा नाही. नाही वापरला. तेलाची बाटली सहा महिने जागची हललेली नाही. उचलून बघ, खाली गोल डाग पडलाय.

सून: बाबा, मी आहारतज्ज्ञ आहे. मला शब्दांत पकडू नका.

सासरे: बरं, नाही पकडत. चूक झाली. पण चूक नीट केली हो मी. पट्ट्या थंड तव्यात ठेवायच्या. तवा आधी तापवलास तर कडा करपतात आणि चरबी आतच अडकते. मंद आच. सगळी सुटली की गॅस बंद करून कोमट होऊ द्यायची, उकळती ओतलीस तर काच तडकते. मग फडक्यातून गाळायची. गाळणी नको, गाळणीतून जळके कण खाली येतात आणि त्यांनीच पुढे खवट वास लागतो. ओला चमचा आत जाऊ द्यायचा नाही. मग फ्रिजमध्ये तीन महिने हूं की चूं करत नाही.

सून: मी कृती विचारली नव्हती.

सासरे: सिंकमध्येही कधी ओतली नाही. पाइप तुंबला असता. तुझ्या घराचं नुकसान होईल असं मी काही केलं नाही.

सून: आणि बेकन? ते मला या घरात कधी दिसलं नाही.

सासरे: ते खाली वॉचमनला देतो.

सून: सगळं?

सासरे: मग? तुझ्या घरात बेकन खाऊन तुझा विश्वासघात करू?

सून: तरीच तो मला रोज उभं राहून सलाम करतो. मला वाटायचं, त्याच्या बायकोला डाएट लिहून दिलं म्हणून.

सासरे: डाएटचंही असेल थोडं.

सून: आणि लपवायला नेमकी ही बरणी?

सासरे: सगळ्यात सुरक्षित तीच होती. डाळीची बरणी उघडली जाते, साखरेची तर दिवसातून चारदा. जवसाला मात्र या घरात कुणी हात लावत नाही. राग मानू नकोस, तूही नाही.

नवरा: दार सताड उघडं आहे. जिन्यापर्यंत आवाज येतोय. काय झालं... अरे. उघडली का बरणी?

सून: तुलाही माहीत होतं.

नवरा: मी फक्त बरणी म्हटलं.

सून: कधीपासून?

नवरा: पहिल्या आठवड्यापासून. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत लहानाचा मोठा झालोय मी. तो वास मला झोपेतही कळतो.

सून: आणि मूग गिळून बसलास.

नवरा: मूग नाही, बटाटे.

सून: विनोद नको. तुझं कोलेस्टेरॉल खाली आलं, तो रिपोर्ट मी गेल्या महिन्यात सगळ्या विभागाला दाखवला. म्हटलं, बघा, घरात तेल नाही त्याचा हा परिणाम.

नवरा: रिपोर्ट खरा आहे. कॅन्टीन सुटलं माझं. आधी तुझा डबा मी शिपायाला द्यायचो आणि कॅन्टीनमध्ये तळलेलं खायचो. रोज. बाबा आल्यापासून डबा मीच खातो. शिपाई नाराज आहे, पण इलाज नाही.

सून: शिपाई आधी नाराज नव्हता?

नवरा: तो कुत्र्याला घालायचा. कुत्रं नाराज होतं.

सासरे: म्हणजे बघ सूनबाई, एका चमच्यानं एक अख्खी कढई टळली.

सून: हे वाक्य तुम्ही या घराबाहेर कुठेही बोलायचं नाही, बाबा.

सासरे: नाही बोलत. पण तू एवढी पांढरी का पडलीस? रागावलीस की लाल होतेस तू.

सून: कारण हे घरापुरतं राहिलेलं नाही. आमचे मोठे डॉक्टर दुपारी माझ्यासोबत जेवतात. पहिल्यांदा म्हणाले, एक फोड बघू. मग अर्धा डबा. आता एक वाजला की ते स्वतः काटा घेऊन येतात. म्हणाले, बाई, तेलाशिवाय अशी चव मी जन्मात खाल्ली नाही. सोमवारपासून हृदयविकाराच्या वॉर्डात हेच द्यायचं, तुमच्या नावानं. आणि मुख्य आहारतज्ज्ञाच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवलंय. अकरा वर्षं वाट बघतेय मी त्या जागेची. उद्या सकाळी नऊला कृती द्यायची आहे, मापासकट.

सासरे: मग अडलं कुठे? जवस लिहून टाक.

सून: काय?

सासरे: तू लिहिणार जवस. तिथला स्वयंपाकी घालणार जवस. पेशंट खाणार जवस. कुणाच्या पोटात चरबीचा कण जाणार नाही. चव लागणार नाही, पण हॉस्पिटलातल्या जेवणाला चव नाही म्हणून आजवर कुणी तक्रार केली का? तुला जागा मिळेल, आणि ही बरणी आजच्या आज मी वॉचमनला देतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवरा: तसं बघितलं तर बाबांचं म्हणणं चूक नाही.

सून: तू गप्प बस. बाबा, मोठ्या डॉक्टरांच्या स्वतःच्या हृदयात दोन स्टेंट आहेत.

सासरे: हे मला माहीत नव्हतं.

सून: मलाही बरणीत काय आहे ते माहीत नव्हतं. पाच महिने तो माणूस माझ्या शब्दावर विश्वासून माझ्या डब्यातलं खातोय.

सासरे: मला वाटलं, डबा तू एकटीच खातेस. हल्ली रिकामा यायचा. मला बरं वाटायचं गं ते.

सून: का केलंत पण हे? मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते, एवढंच ना?

सासरे: सांगू? मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तू कोबी केला होतास. तुझ्या पद्धतीनं, वाफेवरचा. मी समोर बसलो होतो. तू घास घ्यायचीस आणि वर पाणी प्यायचीस. घास, पाणी. घास, पाणी. औषधाची गोळी घ्यावी तसं. एवढी शिकलेली बाई, दिवसभर लोकांना काय खावं ते सांगते आणि घरी येऊन स्वतःचं जेवण पाण्याबरोबर खाली ढकलते. चौतीस वर्षं मी लोकांना जेवताना बघितलंय. मला ते बघवलं नाही.

सून: म्हणून मला फसवलंत.

सासरे: फसवलं. आणि तुझी सासू गेल्यापासून माझ्या हाताला दुसरं काही काम उरलं नाही, तेही आहेच. तुझ्या अटीनं केलं असतं तर दोन दिवसांत तू म्हणाली असतीस, बाबा, राहू द्या, आराम करा. मला आरामाची भीती वाटते, सूनबाई. हे खरं कारण. कोबी नंतरचा.

नवरा: बाबा...

सासरे: तू राहू दे. तुला काही विचारलेलं नाही.

सून: मी फोन करते त्यांना.

नवरा: आत्ता? जरा विचार कर. उद्या भेटून सांग, हळूहळू.

सून: उद्या एक वाजता ते काटा घेऊन उभे राहतील. आणि काय हळूहळू सांगू? आधी 'च' आणि मग 'रबी'?

सासरे: माझं नाव सांग. म्हणावं, सासऱ्यांनी केलं.

सून: कृतीत काय लिहू मग? 'चरबी, एक चमचा, सासऱ्यांची'?

सासरे: तसं नको लिहूस. लोक घाबरतील.

(सून बरणी हातात घेऊनच फोन करायला गॅलरीत जाते.)

सासरे: तू मला आधी का नाही सांगितलंस की तुला कळलंय म्हणून?

नवरा: सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतंत.

सासरे: वासावरून कळलं?

नवरा: वासावरून. आई असताना घरात तसाच वास असायचा.

सासरे: गाळायला फडकं वापरायचं हे तिचंच. मी आधी गाळणी वापरायचो.

नवरा: माहितीय. आता काय करणार तुम्ही?

सासरे: तुझ्या धाकट्या भावाकडे जातो.

नवरा: त्याच्याकडे शेगडीसुद्धा नाही. सगळं बाहेरून मागवतात ते.

सासरे: शिक्षा म्हटली की ती नीटच व्हायला हवी.

नवरा: आली.

सासरे: काय म्हणाले?

सून: आधी विचारलं, फक्त बटाट्यांत, की कोबीतही? मी म्हटलं, कोबीतही. तर म्हणाले, तरीच. कोबी मला कधीच आवडला नव्हता.

नवरा: हसले?

सून: नाही. सोमवारचं रद्द केलं. म्हणाले, ज्या बाईला स्वतःच्या डब्यात काय आहे ते माहीत नाही, तिचं नाव मी वर कसं पाठवू? परत मागवून घेतो. पुढच्या वर्षी बघू. आणि उद्या स्वतःचं रक्त तपासायला देणार आहेत.

सासरे: माझ्यामुळे गेली तुझी जागा.

सून: त्यांचं म्हणणं खोटं नाही, बाबा. तोच कोबी, तोच तवा, आणि एका आठवड्यात मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही शंका आली असती. मला आली नाही. मला वाटलं, माझं शास्त्र सिद्ध झालं. कौतुक होत होतं, म्हणून मी विचारलं नाही.

सासरे: मी सकाळच्या गाडीनं धाकट्याकडे निघतो. याला सांगितलंय.

सून: मला कुणी विचारलं?

सासरे: तू कसं म्हणशील, राहा म्हणून? हॉस्पिटलात तोंड दाखवायला जागा नाही ठेवली मी तुला.

सून: मी चिडलेय. चांगली महिनाभर चिडलेली राहणार आहे. पण मी चिडलेली असताना तुम्ही इथेच असायला हवं. तिकडे धाकट्याच्या सोफ्यावर बसलात तर माझा राग तुमच्यापर्यंत पोचणार कसा? डब्यात यापुढे हे जाणार नाही, माझ्याही नाही आणि याच्याही नाही.

नवरा: माझ्याही?

सून: आणि घरात काय शिजतं ते मला आधी कळलं पाहिजे. कबूल?

सासरे: कबूल.

सून: संध्याकाळचं काय केलंय?

सासरे: बटाटे उकडून ठेवलेत. पुढे काही केलं नाही. तू आल्यापासून बरणी तुझ्याच हातात आहे.

नवरा: मला भूक लागलीय, एवढंच सांगून ठेवतो.

सून: घ्या ही बरणी. आणि शेगडीशी मलाही थोडी जागा द्या, बाबा. तुमचा एक चमचा केवढा असतो, ते बघू दे मला.