गोदावरीनं शेजारी बसावं म्हणून

...नाही वो, तुम्ही आधी वाकून गाडीखाली बघायचं थांबवा, अन् मला सांगा, तुम्ही आयुष्यात कधी सस्पेन्शन निवडलंय का? नाही ना? मग तुम्ही सुखी माणूस आहात. सस्पेन्शन म्हणजे चाक अन् गाडीच्या मधलं ते स्प्रिंग-शॉकअपचं प्रकरण, खड्ड्याचा दणका खाणारं. जन्मभर बिचारं गाडीखाली गपगुमान असतं, कुणी त्याची चौकशी करत नाही, अन् एकदा का ते बदलायचं डोक्यात घेतलं की घरात, दवाखान्यात, सासुरवाडीत दुसरा विषय निघत नाही. तुम्हाला सांगतो, मी मुकुंद, दातांचा डॉक्टर, सोलापुरात सात रस्त्याला दवाखाना, वय त्रेपन्न, लोकांना गोड खाऊ नका सांगण्यात जिंदगी गेली, म्हटलं एक हौस करू. पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार आणली, लाल, बुटकी, दोन दारं अन् दोनच सीटा. दोनच का? एक माझी, एक गोदावरीची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. पंचवीस वर्षं संसार केला, पोरं आपापल्या मार्गाला लागली, आता लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी तिच्या माहेरी दुधनीला ऐटीत जावं. माझं म्हणणं एवढंच होतं, की गोदावरीनं शेजारी बसावं.

बसली की. एकदाच बसली. कारण पहिलं सस्पेन्शन निवडलं माझ्या पुतण्यानं. राजस, पुण्यात इंजिनियर आहे, स्वतः स्कूटरवर फिरतो. मला फोनवर म्हणतो, "काका, कंपनीचं सस्पेन्शन म्हणजे सोफा आहे सोफा, रेसवालं घ्या, कडक, ऐंशीच्या स्पीडला वळलात तरी गाडी कलणार नाही." अरे लेका, सोलापुरात ऐंशीच्या स्पीडला वळायचं कुठं? पुढं रिक्षा, मागं रिक्षा, मधे म्हैस बसलेली... पण मी ऐकलं. घेतलं. बसवलं. अन् काय सांगू तुम्हाला, रस्त्यावर चिल्लर पडलेली असली तर रुपया आहे का दोन रुपये, ते कमरेला कळायचं. दातांचा डॉक्टर मी, लोकांच्या दाढांत सिमेंट भरतो, तर माझ्याच दाढेतलं सिमेंट होटगी रोडला निघून हातात आलं. गोदावरीची कंबर तशीही नाजूक, तिनं अर्ध्या वाटेत दार उघडलं, शांतपणे उतरली, अन् म्हणाली, "अहो, तुम्ही व्हा पुढं. मी रिक्षानं येते." स्पोर्ट्स कारमधनं उतरून बायको रिक्षात बसली, अन् रिक्षा माझ्या आधी घरी पोचली.

मग गेलो गुरुबसप्पाकडं. अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज आहे, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलतो, अन् हातात जादू. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेट दाबून बघितलं, ते काही दबेना. म्हणाला, "एन्री सर, ह्ये कुणी घातलं? ब्याड ब्याड, काडून टाका. मऊ घाला." मऊ घातलं. तर आता गाडी अशी डुलायली की सात रस्त्यापासनं आसरा चौकापर्यंत मलाच मळमळायलं. शिवाय गाडी खाली बसली ती निराळीच, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासतंय... अन् आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहितीयेत. ते काय सरकारी मापाचे असतात व्हय? ज्याच्या दारात डांबर उरलं त्यानं ते तिथंच ओतून ठेवलं. दुधनीच्या वाटेवर मी मोजलेत, एकतीस. कडक घातलं तर कंबर जाते, मऊ घातलं तर पोट घासतं, उंच केलं तर गाडी जीपसारखी दिसते, मग लाल घेतली कशाला? वाढदिवस आला पंधरा दिवसांवर. माझं म्हणणं एवढंच होतं वो, की गोदावरीनं शेजारी बसावं.

शेवटी राजसनंच एक पत्ता काढला. बसणाऱ्या माणसांच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बनवून देतात म्हणे, कडकपण नाही, मऊपण नाही, अगदी अंगाच्या मापानं शिवल्यासारखं. फक्त मोबाइलवर एक फॉर्म भरायचा. चालवणाऱ्याचं वजन, शेजारी बसणाऱ्याचं वजन. आता आपल्याकडं फॉर्म भरायची एक रीत आहे की नाही? आमच्या वडलांची जन्मतारीख एक जून, काकांची एक जून, आत्याचीसुद्धा एक जून, मास्तरांना जे सोयीचं वाटलं ते लिहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. फॉर्म म्हणजे शोभेल तो आकडा लिहायचा, एवढंच मला ठाऊक. गोदावरीला वजन विचारायची माझी काय छाती नाही, अंदाजानं साठ लिहिलं. स्वतःचं लिहिलं बहात्तर. होतं की बहात्तर, लग्नात होतं.

स्प्रिंगा आल्या. गुरुबसप्पानं बसवल्या, शेजारच्या सीटवर बरोबर साठ किलो ज्वारीचं पोतं पट्टा लावून बसवलं, स्वतः चालवायला बसला अन् फिरवून आणली. एक स्पीडब्रेकर घासला नाही. काडीसारखा काटकुळा माणूस, उतरून म्हणतो, "सर, लोणी हाय लोणी. बाईंना घ्या अन् जावा खुशाल."

वाढदिवसाला गोदावरी इरकली नेसून बसली. म्हणाली, "अय्या, बरी झालीय की आता." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. अन् पहिल्या स्पीडब्रेकरला... खर्र्र्र. दुसऱ्याला खर्र्र्र. तिसऱ्याला असा आवाज आला की टपरीवरचे लोक चहा सोडून उभे राहिले. अन् माझ्या तोंडातनं निघालं, "तू जरा उतरतेस का?"

पंचवीस वर्षांत एवढी चूक मी केली नव्हती.

ती उतरली नाही. थंडपणे म्हणाली, "फॉर्मात माझं वजन किती लिहिलं?" म्हटलं साठ. "एकसष्ट आहे. जवळजवळ बरोबर लिहिलंत. अन् तुमचं?" मी पुढं रस्त्याकडं बघायलो. तिनं वाटेतल्या वळसंगला गाडी थांबवायला लावली, अडत दुकानासमोर, अन् मला, पेशंट नमस्कार करायलेत अशा भर बाजारात, धान्याच्या काट्यावर उभं केलं. हमाल वाकून काटा बघतो, मला बघतो, परत काटा बघतो. "एक्क्याण्णव," म्हणाला. अन् वर तोंड करून विचारतो कसा, "पोत्याचा बारदाना वजा करू काय, सायेब?"

गोदावरीनं नुसता हात पुढं केला. मी किल्ली दिली. तिथनं पुढं तिनं चालवली. स्पीडब्रेकर आला की मी उतरायचं, तिनं गाडी अलगद पलीकडं न्यायची, मी चालत जाऊन परत बसायचं. उरलेले अठ्ठावीस असे पार केले. मला वाटलं आता ही गाडी विकायला लावते. छे. दुधनीत उतरली तीच हसत, "काय पळते वो, मला आधी का नाही दिली?"

तेव्हापासनं दर रविवारी आमची फेरी असते. म्हटलं नवा फॉर्म भरतो, खरं वजन लिहितो, एक्क्याण्णवच्या स्प्रिंगा मागवतो. तर म्हणते, "कशाला? ह्या मला बरोबर बसल्यात. अन् तुम्हाला डॉक्टरांनी चालायलाच सांगितलंय ना." आता वाटेत लोक भेटतात, विचारतात, "काय डॉक्टर, स्पोर्ट्स कार घेतली म्हणे, कशी आहे?" मी सांगतो, "लई देखणी आहे वो... विशेषतः मागनं."