वकिलाच्या आईचा अंगठा

टँकरच्या रांगेत माझ्यापुढं दोघी होत्या. पाचोडहून नव्या वसाहतीत मुलाकडं राहायला आलेल्या आशाबाई आणि बँकेतून निवृत्त झालेल्या नीरजाताई.

"मालक पाटबंधारे खात्यात होते, ताई. त्यांच्या मागं मला पेन्शन हाय, ती बँकेनं अडवली. अर्ज देऊन दीड महिना झाला, जबाब नाय."

"मग बँकांच्या लोकपालाकडे तक्रार करा, मावशी."

"सार्थक करंल की. पोरगा वकील हाय माझा, कोर्टात लई नाव हाय त्याचं."

"वकिलानं केलेली तक्रार तिथं घेत नाहीत."

"मंग कोणाची घेत्यात?"

"जिची पेन्शन अडली तिची. म्हणजे तुमची."

"मला सही बी येत नाय."

"अंगठा चालतो."

"मंग सार्थकनं काय करायचं?"

"तुम्ही सांगाल ते लिहून काढायचं."

"अन् ह्योच अंगठा, ताई? ज्याच्या लाजंनं मी जलमभर पदराखाली हात धरला?"

"हाच."

"मावशी, तुमचा नंबर आला. हंडा पुढं घ्या," मी मागून म्हटलं.

"घेते. जरा बघू द्या ह्या अंगठ्याला."