निऱ्यांखालची खपली

आम्ही मूळचे निपाणीकडचे, वडील तंबाखूच्या वखारीत, आणि मी मॅट्रिकला दोनदा बसलो, पहिल्यांदा नुसता हॉल बघायला. पुढं मामेभावाच्या ओळखीनं बंगळूरला फॅक्टरीत चिकटलो, सुटे भाग मोजून पास-नापास करायचं काम, म्हणजे नापासानं नापास करायचं, बघा गंमत. मल्लेश्वरमच्या पार टोकाला घर मिळालं, पुढं नुसतं गवत, घाणेरीची झुडपं नि उंदीर. लग्न झालं, सुमन आली, मागोमाग आई आली.

आता हरतालिकेला पत्री लागते. शेजारच्या नंजम्मा अक्का कानडी, त्यांची गौरी त्याच दिवशी, त्या म्हणायच्या, सुमा, मार्केटात मिळतं की ग, काट्यात कशाला शिरतेस. आई म्हणायची, विकतच्या पत्रीचं पुण्य विकणाऱ्याला. मग सुमन उजाडता उजाडता नववारी खोचून जायची, गवतात बसून दुर्वा, आघाडा खुडायची.

त्या वर्षी गणपती गेले आणि पितृपक्षात तिला ताप भरला. काय सांगू तुम्हाला, तसा ताप मी पाहिला नाही, डोळे लाल, डोकं फुटतंय म्हणून ती भिंतीला कपाळ टेकून बसायची. डॉक्टर आले, जीभ बघितली, नाडी बघितली, रानात शेतात कुठं गेली होती का विचारलं. आईनं नि मी एका सुरात सांगितलं, छे हो, ती कुठं जातेय, घर नि देऊळ. हिवताप म्हणाले, कोयनेल दिलं. कान वाजतात म्हणाली, आम्ही म्हटलं कोयनेलचं. ताप काही हटेना. आई देव पाण्यात घालून बसली, मी फॅक्टरीत जाऊन चांगले भाग नापास करायला लागलो, आणि मग सुमन मलाच ओळखेना, भाऊजी म्हणाली मला, तशी जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, घालून इस्पितळात नेली.

तिथं नर्सबाई अंग पुसायला लागली आणि तिनं डॉक्टरांना हाक मारली. कमरेशी, निऱ्या खोचतात तिथं, काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी. हे डॉक्टर लढाईत ब्रह्मदेशात होते. ये कब से है, म्हणाले. आई म्हणाली, ते होय, लुगड्याची गाठ काचलीय, मी हळद लावते की रोज. घास में गई थी? आई म्हणाली, नाही. मी म्हटलं आई, पत्री. तर आई माझ्यावरच उखडली, अरे ती पूजेला गेली होती, ते काय रानात जाणं झालं?

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, गवतात उंदरांच्या अंगावरची बारीक तांबडी कीड असते, तिची पिल्लं डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत, ती चावली की हा ताप. लढाईत गोळी न लागता या तापानंच गेलेले सोल्जर बघितलेत मी, म्हणाले. पाठच्या गल्लीतला गवत कापणारा मुनियप्पा आदल्या वर्षी असाच तापानं गेला, विषमज्वर म्हणाले, त्याचं अंग कुणी बघितलं होतं देव जाणे. आणि मी, इंचाचा हजारावा भाग मोजून पगार घेणारा, बायकोच्या अंगावरची पावलीएवढी खपली मला दिसली नाही. घरात आई, दिवसा बायकोकडं बघायची सोय कुठं होती हो तेव्हा.

नव्या औषधाच्या कॅप्सुला आल्या, आणि वॉर्डाबाहेर बसून मी ज्यांची नावं येत होती त्या सगळ्या देवांना हाका मारल्या. ताप उतरला. कान मात्र घेऊन गेला.

आता पत्री मार्केटातून येते, आईच म्हणाली, आण बाबा. घरी चार माणसं जमली की मी माझं पुराण लावतो, सगळी हसतात, आणि सुमन माझ्याकडं नाही बघत, त्यांच्या तोंडाकडं बघते, आणि जरा उशिरानं हसते. कधी तिच्या कानाशी ओरडून सांगायला जातो, तर नंजम्मा अक्का धावत येतात, अय्यो, भांडण कसलं म्हणून. चालायचंच. समोर बसलेली आहे, एवढं पुष्कळ झालं. तुमच्यापुढंही असंच कुणी बसलेलं असू दे, उशिरा का होईना हसणारं.