गुरुवारची कॅप्सूल

नाही, नाही, बाकीची औषधं नंतर काढ, रिया, आधी ही कॅप्सूल उघड — माझ्यासमोर उघड, आत नेऊ नकोस. ही गुरुवारच्या खणातली, म्हणजे आजची. घेतलेली नाही अजून, नुसती कानाशी धरून हलवली. तू पण हलव. येतो आवाज? नाही ना? अकरा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी घेतोय मी ही, ॲसिडिटीची, मला तिचा आवाज पाठ आहे — आत राजगिऱ्याएवढे पांढरे दाणे असतात, ते वाजतात. ओढ ना, घाबरतेस काय... हं. बघ! आहे काही आत? नुसतं टरफल! नवीन पनवेलात भरदिवसा माणसाला टरफलं खायला घालतात आणि वर विचारतात, काय आपटेकर, बरं वाटतंय का!

कंपनीची चूक? वीस दिवसांपूर्वी आवाज गेला तेव्हा मलाही आधी तेच वाटलं. मग वाटलं, देवेशने डुप्लिकेट माल उचलला असेल — रागावू नकोस, मालक आहे तुझा, पण संशय येणारच ना माणसाला? म्हणून काल दुपारी बथशेबा शेजारी गेल्यावर पट्टीतली एक फोडून बघितली. ती भरलेली! म्हणजे गडबड पट्टी आणि माझं तोंड यांच्यामध्ये कुठेतरी. आणि मध्ये कोण आहे? बथशेबा, आमची बायको. सात वारांची ती प्लॅस्टिकची डबी दर रविवारी तीच भरते — मला म्हणे चष्मा लावूनही दिसत नाही. मग मी स्वयंपाकघर धुंडाळलं. मसाल्याच्या फळीवर, हळदीच्या मागे, एक छोटीशी स्टीलची डबी. आत हे दाणे! दोन महिन्यांचे तरी असतील. लबाडी करायची ती करायची, पण औषध फेकून द्यायला जीव झाला नाही तिचा. शाळेत शिकवायची, तेव्हा खडूचे तुकडेसुद्धा जपून ठेवायची.

हसलीस का? थांब, थांब — तू का हसलीस? तिने तुला विचारलं होतं? दाणे थोडे थोडे कमी केले तर चालतात का, असं? आणि तू म्हणालीस, डॉक्टरांना विचारा — म्हणजे तुला माहीत होतं! आणि डॉक्टरही सामील. त्यांनी नळी घालून पोट बघितलं, म्हणाले, आपटेकर, आता याची गरज नाही, पण एकदम बंद करू नका, जळजळ उलटेल, हळूहळू उतरवा. मी म्हटलं, बघू. मी बघू म्हटलं की तो नकार असतो, हे बथशेबाला तीस वर्षं माहीत आहे. म्हणून मग मला न विचारताच उतरवलं.

बरं, पण मला सांग — आत्ताच का? अकरा वर्षं कुणाला माझ्या पोटाची पडली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी नोमने इकडे यायचं तिकीट काढलं आणि आठवड्याभरात बथशेबाने मला डॉक्टरकडे नेलं. जुळतंय की नाही? नोम म्हणजे माझ्या चुलतभावाचा, हस्केलचा मुलगा, इस्रायलला असतो. हस्केलला जाऊन आज वर्ष झालं. आज जुन्या पनवेलला आम्हा ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये मुलाने बापासाठी कद्दीश म्हणायचं — मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना असते ती — आणि तिला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. बायका धरत नाहीत, त्यावर तू नंतर भांड. उरणहून एक येणार, पेणहून दोघं, इथले उरलेसुरले, नोमला धरून नऊच होतात. मी मोजलेत. मोजले म्हणजे — असंच, सहज.

मी का नाही जात? जळजळ. असं सगळ्यांना सांगितलंय. आता तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस. बारा वर्षांपूर्वी माझ्या आईचं पहिलं वर्ष होतं. मला धरून नऊच जमले. हस्केल, दोन बिल्डिंगा सोडून राहणारा हस्केल, तो आला नाही. निरोप पाठवला — पोटात जळजळतंय. बारा वाजेपर्यंत थांबलो, मग लोक आपापल्या कामाला गेले. आईचं कद्दीश राहिलं ते राहिलंच. मी म्हटलं, पोट काय तुला एकट्यालाच आहे? पुढच्या वेळी बोलावणं आलं तेव्हा मीही तोच निरोप पाठवला. काही होत नव्हतं गं तेव्हा! शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेला तेच, सणाला तेच — आणि वर्षभर सांगता सांगता एक दिवस खरंच जळजळायला लागलं. देवाशपथ. मग ही कॅप्सूल.

आणि हस्केल गेला कशाने? पोटानेच. फायली बथशेबाने बघितल्या, आतली जखम जुनी होती म्हणे. किती जुनी? ते कोणी सांगत नाही. मीही विचारत नाही. तो खोटं बोलला असंच धरून चाललो ना मी! समोरून आला की रस्ता ओलांडायचो. मयतीला गेलो, तर फाटकापाशीच उभा राहिलो. वाईट वाटतं, रिया. फार वाईट वाटतं.

काय? आत्ता? आत्ता नाही होत जळजळ. तीच तर तक्रार आहे माझी! वीस दिवस टरफलं गिळतोय, काल वांग्याचं भरीत खाल्लं, वर मिरचीचा ठेचा — काही नाही, साधा ढेकर नाही! त्या बाईने मला सांगायला काही कारणच ठेवलं नाही. आणि सकाळी एकटीच गेली तिकडे, चला असं म्हणालीसुद्धा नाही. पांढरा शर्ट तेवढा इस्त्री करून खुर्चीवर. हो, अंगावर आहे हाच तो. दुसरा हाताशी नव्हता.

थांब, फोन. नोमचाय... हं, बोल बाळा. ... किती झालात? ... हं. ... अरे नाही, पोट — ऐक, ऐक जरा. पोट बरं आहे माझं. रिक्षा मिळायला वेळ लागतो इथून, तेवढा थांब. आणि पेणवाल्यांना सांग, मनासेकाका निघालाय, कोणी उठायचं नाही.

काय बघतेस? गिऱ्हाईक उभं आहे मागे, त्यांचं बघ.