जावयाचा पांढरा उजेड

गेवराईच्या गॅरेजवर पंक्चर निघायची वाट बघत बसलो होतो. बाकावर शेजारी सासरे-जावई होते. सासऱ्यांचा हात प्लास्टर करून गळ्यात बांधलेला. समोर जावयाच्या मोटारसायकलचा हेडलाइट खोलून ठेवलेला.

“हॅलोजन लई पिवळा पडतो, मामा. एलईडीनं रस्ता कसा लख्ख दिसतो.”

“तुमाला दिसतो, जावईबापू. समोरच्यानं काय करावं? काच हॅलोजनची, बल्ब एलईडीचा. सगळा झोत माणसाच्या डोळ्यात!”

“आता सगळेच बसवतात.”

“मला वाटलं, साहेबांचा ताफा आला. उजेडामागं काय हाय, दिसतंय कुठं? टोपी नीट केली, दोन्ही हात जोडले, कडंला सरकत गेलो अन् पडलो चारीत.”

“एका दिव्याचा ताफा असतो व्हय?”

“वर तोंड करून इचारताय! तुमच्यासाठीच अनारशाचा डबा काखेत घेऊन चाललतो. सगळा चिखलात गेला. मी चारीत कण्हतोय अन् तुमी आमच्या घरी पाटावर बसून पुरणाचे धोंडे खाताय!”

“मला काय म्हाईत, तुमी पडलात म्हणून?”

“एवढा लख्ख उजेड तुमचा, मग मी दिसलो न्हाई?”

“दिसलात की.”

“मग थांबलात कावून न्हाई?”

“तुमी हात जोडलेले, मामा. धोंड्याचा महिना चालू. मला वाटलं, जावयाचा मान करताय. मग मीबी हात वर केला अन् पुढं गेलो.”