स्कॅनर? फक्त जोडायचं!

नाही हो कंडक्टर, हा खोका वर नाही ठेवणार, मांडीवरच बरा! आणि भाऊ, तुम्ही जरा सरकता का? काय आहे म्हणून विचारताय? स्कॅनर! फोटो कॉम्प्युटरात घालायचं यंत्र. घेताना दुकानदार हसून म्हणतो कसा, ‘काका, काही नाही हो, फक्त जोडायचं!’ फक्त! तुम्हाला सांगतो, या ‘फक्त’ इतका लबाड शब्द मराठीत नाही. अहो, मी एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात सव्वीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसतोय, आणि गंगापूर रोडवरचा हा राज, कालपरवा मिसरूड फुटलेला, मला जोडायला शिकवतो!

तुम्ही म्हणाल, चंदरराव, स्कॅनर हवा कशाला? सांगतो ना! आमच्या आईचा जगात एकच फोटो. एकच! आणि तो कुणाकडे? थोरल्या बहिणीकडे, विठाक्काकडे, पिंपळगाव बसवंतला. आई गेल्यापासून चौदा वर्षं मागतोय, देत नाही. आमची साधना म्हणाली, ‘अहो, स्टुडिओत कॉपी काढा की.’ पण स्टुडिओचं नाव काढलं की अक्का भडकलीच! ‘एका स्टुडिओवाल्यानं बाबांचा फोटो हरवला, आता आईला नाय धाडायची!’ शेवटी तह झाला. अक्का रविवारी फोटो घेऊन येणार, तिच्या डोळ्यांदेखत कॉपी काढायची, आणि पाचच्या एसटीनं आई परत पिंपळगावला. म्हणून स्कॅनर. तोही रंगीत! फोटो ब्लॅक अँड व्हाईट, पण राज म्हणाला, ‘काका, रंगीतच घ्या’... घेतला.

घरी येऊन बघतो, तर याची वायर चपटी आणि आमच्या कॉम्प्युटरला चपटं भोकच नाही! कॉम्प्युटर शहाण्णवचा हो, मेहुण्यानं गळ्यात मारलेला, सुरू होईस्तोवर चहा पिऊन होतो. परत गंगापूर रोड. ‘मग हा जुना घ्या काका, प्रिंटरच्या जागी लागतो. फक्त जोडायचं!’ आणि प्रिंटरनं कुठं जायचं, माहेरी? तर म्हणे प्रिंटर स्कॅनरला जोडा, स्कॅनर कॉम्प्युटरला. जोडलं! सीडी घातली, तर डिस्कमध्ये जागा नाही. जागा करायला साधनाचा मोटारी पळवायचा खेळ पुसला, तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रविवारी अक्का आली. पर्स मांडीवर, पर्समध्ये आई. आईला काचेवर पालथं ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं... घर्रर्रर्र! खड् खड् खड्! अक्का ओरडली, ‘चंदर! आईला दळतोय का रं?’

बंद केलं, चालू केलं, परत दळण! राजला फोन लावला. ‘काका, खालचं लॉक काढलं ना?’

आता ऐका हं. लॉक मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. स्कॅनर उलटा केला, तर बुडाशी कुलपाचं चित्र आणि एक पांढरी खुंटी. पण आमच्या प्लांटचा नियम काय? माणूस आत कामाला गेला, की स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात घालतो. दुसऱ्याचं कुलूप आपण काढायचं नाही म्हणजे नाही, एखाद्याचा जीव जाईल! मी तर खुंटीवर चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली, ‘काम चालू आहे, हात लावू नये.’ हे सगळं राजला सांगितलं, तर पोरगं हळूच म्हणतं, ‘काका... आत कुणी नाहीये.’

फिरवली खुंटी. काय सांगू, आवाज एकदम मऊ! आणि पडद्यावर पट्टीपट्टीनं आई उतरायला लागली. आधी पदर, मग केस, मग कपाळ... मग डोळे! अहो, फोटोत तिळाएवढे डोळे, इथं हे एवढे! अक्काची पर्स मांडीवरून घसरली, तिला पत्ताच नाही. ‘शेंगदाणे चोरलेस की अश्शीच बघायची तुझ्याकडं,’ ती म्हणाली. खरं सांगतो, आईचे डोळे मी विसरलो होतो. फार वाईट वाटलं हो.

आता नाक येणार... आणि लाईट गेली!

हसा, हसा! अक्काही हसली. ‘तुझ्या एकलहऱ्याचीच का रं ही वीज?’ साधना म्हणते, ‘तिकडं कुणीतरी कुलूप लावलं असेल, वन्सं!’

पाचला दहा कमी. मी झाकण उघडायला गेलो, तर अक्कानं माझा हात धरला. ‘राहू दे. घाईघाईत नको काढू तिला. राहू दे तुझ्याकडं.’ चौदा वर्षं मागून जे मिळालं नाही, ते लाईट गेल्यावर मिळालं!

आठवडा झाला, कॉपी नाही काढली. आईच घरात आल्यावर कॉपी कुणाला हवी? रोज झाकण उघडतो, आईला सुलटं करून नमस्कार करतो, लावतो. साधना तर झाकणावर फूल ठेवते.

पण अक्का ती अक्काच! काल फोन, ‘उद्या आईला घेऊन ये. मशिनीसकट. नातवंडांना पडद्यावर दाखवायची हाय. आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसात एक जुना कॉम्प्युटर पडलाय.’ म्हटलं, ‘अगं अक्का, पण त्याला...’ तर म्हणते, ‘त्यात काय एवढं? फक्त जोडायचं!’

तर निघालोय. अहो भाऊ, अहो, तिथं खाली हात नका लावू! ते कुलूप मी स्वतः लावलंय. या खेपेला आत आई आहे.