चेंबरमधलं चुंबक

आता भरवसा ठेवायचा तरी कोणावर, सांगा बरं? शिकलेल्यांवर? कॉम्प्युटरवर? की शेजाऱ्यापाजाऱ्यांवर?... शेजाऱ्यांचं तर नावच काढू नका, तुम्हाला सांगतो, त्यांनीच घात केला!

बऱ्हाणपूरच्या लालबागेत माझ्या केळीच्या वखारीला लागून नामदेवभाऊंची वखार. त्यांची पोरगी वैजयंती, इंदूरला पीएचडी करायची. कशात? लोहचुंबकात! तेही हातातलं नाही हो, कॉम्प्युटरच्या आतलं! मला म्हणाली, "काका, आत लाखो बाण आहेत असं समजा. कोणाचं तोंड वर, कोणाचं खाली. प्रत्येक जण शेजारच्या चौघांकडं बघतो नि वळतो. तापमान जास्त असलं की कोणी कोणाला जुमानत नाही. उतरवत नेलं, की एका नेमक्या ठिकाणी सगळे एका तोंडाचे व्हायला लागतात. झालं चुंबक!" मी म्हटलं, "अगं बाई, ही तर आपली मंडी, शेजाऱ्याचा भाव बघून आपला भाव!" खळखळून हसली. फार हसायची तेव्हा... असो.

तर त्या नेमक्या ठिकाणी मशीन रेंगाळतं म्हणे. बाणांचं काही ठरतच नाही, वर की खाली, महिनोन्‌महिने चालवत बसा! इंदूरला मशीनसाठी रांग, म्हणून पोरीनं स्वतःचं घरी आणलं. आणि आपला बऱ्हाणपूरचा मे! लाइट जाते, मशीन तापतं, बंद पडतं. तिची आई, रंभावहिनी म्हणाल्या, "केळी पिकवायच्या चेंबरमधी ठेव ना माय, गारेगार, जनरेटर बी हाय." त्यांच्याकडं बघून नामदेवभाऊ म्हणाले, "वा!" भाऊंकडं बघून मी म्हणालो, "वा!" माझ्याकडं बघून हमाल उखर्डू म्हणे, "एकदम बढिया!" शेजाऱ्याकडं बघितलं नि वळले! पोरगी जरा थांबली, आम्हा चौघांकडं बघितलं... वळली.

अहो, जन्म केळीत गेला आमचा! साल सुकू नये म्हणून चेंबरमध्ये पाण्याचा फवारा आम्हीच सोडतो, भिंतींना घाम फुटतो... एकाच्या तरी डोक्यात यावं? केळी झकास पिकली. मशीन ओलीनं मेलं, डिस्कसकट. बाकी सगळं काम इंदूरला पोचलेलं, तेवढा मधला, त्या नेमक्या ठिकाणचाच तुकडा गेला!

इंदूरचे तिचे गाइड सर फोनवर म्हणाले, "अरे बेटा, दोनों तरफ का ग्राफ है ना? बीच में हाथ से जोड़ दो, सब जोड़ते हैं!" वहिनी म्हणाल्या, जोड. भाऊ म्हणाले, जोड. मीही म्हणालो, जोड गं, कोण बघतंय? शेजाऱ्याकडं बघितलं नि वळले! पण पोरगी... या खेपेला नाही वळली. "काका, तिथं काय होतं हेच तर बघायचं होतं. तेच बघितलं नाही, तर काढू कसं?"

जागा कोरी ठेवून प्रबंध पाठवला. परत आला. पुन्हा चालवायचं तर मुदत सरली, स्कॉलरशिप सरली. आता त्याच चेंबरच्या दाराशी बसून क्रेट भरून घेते. भाऊ त्या बाजूनं जातच नाहीत.

आणि गाव? गाव तिला डॉक्टरच म्हणतं! एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं... शेजाऱ्याकडं बघितलं नि वळले! तिचा चेहरा कसा होतो, बघवत नाही हो. म्हणून हात जोडतो, तुम्ही तरी हिशेब खरा ठेवा. कोणी विचारलंच पोरगी काय झाली, तर ती जागा कोरी सोडा... आणि जमेला लिहा, केळी झकास पिकली होती.